चार नंबरचं कोर्ट, पहाटे

२९ जुलै २०१५, संध्याकाळच्या तोंडावर : सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या याकूब मेमनचा अर्ज फेटाळला. त्याच अर्जावर आदल्या दिवशी दोन न्यायमूर्तींचं एकमत होऊ शकलं नव्हतं. नागपूर मध्यवर्ती कारागृहाकडच्या वॉरंटवर मात्र तारीख कायम : ३० जुलै, सकाळी सात.

रात्री अकराच्या सुमारास : राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी दुसरा दयेचा अर्जही नाकारला.

मध्यरात्र : वकिलांनी सरन्यायाधीश दत्तूंचं घर गाठलं. २०१४च्या शत्रुघ्न चौहान निकालाप्रमाणे दयेचा अर्ज नाकारल्यावर कैद्याला १४ दिवस मिळायला हवेत. घरच्यांना भेटायला, मृत्युपत्र करायला, मनाची तयारी करायला. इथे आठ तासही नव्हते.

पहाटे ३.२० : चार नंबरचं कोर्ट उघडलं. खंडपीठ आदल्या दिवशीचंच : दीपक मिश्रा, प्रफुल्लचंद्र पंत, अमिताव रॉय. याकूबतर्फे आनंद ग्रोव्हर, सरकारतर्फे मुकुल रोहतगी. सरकारने माणूस मारावा का, हा प्रश्न तिथे नव्हताच. १९८०मध्ये बचन सिंग खटल्यात, फाशी फक्त ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ गुन्ह्यांत, असं म्हणून तो मिटवला गेला होता. वाद होता तो दिवसांचा. पहिला दयेचा अर्ज २०१४मध्येच फेटाळलाय, दर नव्या अर्जाला नवी मुदत दिली तर फाशी कधी होणारच नाही, असं सरकारचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. १२ मार्च १९९३ला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. त्यांच्या घरच्यांनी २२ वर्षं वाट पाहिली. त्यांच्यापुढे उभं राहून ‘अजून १४ दिवस थांबा’ म्हणायची माझी छाती नाही. तरीही ते दिवस द्यायला हवे होते. फाशी मागे घेता येत नाही; जन्मठेपेत चूक निघाली तर माणूस दाराबाहेर तरी काढता येतो.

पाचच्या सुमारास : अर्ज नामंजूर.

सातच्या सुमारास : फाशी. त्या दिवशी याकूबला ५३ वर्षं पूर्ण झाली.

त्याच दिवशी रामेश्वरमला माजी राष्ट्रपती अब्दुल कलामांचा दफनविधी होता. फाशी रद्द व्हावी, असं कलामांनी विधी आयोगाला कळवलं होतं. महिनाभराने, ३१ ऑगस्टला, आयोगाने तशी शिफारस केलीही; फक्त दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध एवढे गुन्हे वगळून. म्हणजे ती शिफारस आधी येऊन मान्य झाली असती, तरी याकूबला तिचा उपयोग नव्हता.