तरफचलित एस्प्रेसो यंत्र : जाम भाग सोडवणे

जुने तरफचलित एस्प्रेसो यंत्र पुन्हा चालू करताना क्षार, गंज किंवा कडक झालेले रबर यांमुळे घट्ट बसलेले भाग मोडतोड न करता सुटे करण्याची क्रिया. जाम होण्याचे कारण ओळखून त्यानुसार उपाय योजणे, हे तिचे मूळ सूत्र होय.

पार्श्वभूमी : मिलानच्या अकिल्ले गाज्जा यांचे स्प्रिंगयुक्त तरफेचे यंत्र १९४८ मध्ये बाजारात आले. त्यात तरफ खाली ओढली की स्प्रिंग दबते आणि सोडल्यावर दट्ट्या सुमारे ८ ते १० वातावरण दाबाने पाणी कॉफीतून लोटतो. ला पावोनीच्या ‘युरोपिकोला’सारख्या घरगुती यंत्रांत स्प्रिंग नसते, दाब हातानेच द्यावा लागतो. फाएमाच्या ‘ई ६१’ या यंत्राने १९६१ मध्ये विद्युत पंप आणल्यावर कॅफेंमधली तरफयंत्रे मागे पडू लागली. आत पाणी तसेच राहून वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रांत भाग हमखास जाम होतात.

कारणे : (१) कठीण पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटचा थर आट्यांमध्ये आणि उष्णक घटकाभोवती साचतो. (२) ग्रुप (दट्ट्या सामावणारा यंत्राचा भाग) बहुधा क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेचा, तर बोल्ट अनेकदा पोलादी असतात. ओलाव्यात या दोन धातूंचा विद्युत घट तयार होऊन पोलाद झिजते. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने आटे आवळले जातात. (३) दट्ट्याची आणि कॉफीवर पाणी सोडणाऱ्या जाळीभोवतीची रबरी सीले वाळून कडक होतात व पितळेला चिकटतात.

पद्धती : वीज तोडून, यंत्र थंड करून व वाफेची झडप उघडून उरलेला दाब काढला जातो. क्षारासाठी १ लिटर कोमट पाण्यात २० ते ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल पुरते. फसफस थांबली की भाग बाहेर काढून धुतात. आम्लात फार काळ राहिल्यास पितळेतील जस्त निघून जाते, पृष्ठभाग गुलाबी दिसतो आणि धातू ठिसूळ होतो.

गंजलेल्या बोल्टवर झिरपणारे तेल टाकून एक-दोन दिवस थांबतात आणि डोक्यावर हलके ठोके देतात. त्यानंतर उष्णता द्यावी. पितळ पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावते, म्हणून पितळी ग्रुपमधील पोलादी बोल्टची पकड तापवल्यावर सैल होते. उष्ण हवेची गन यासाठी सोयीची. ज्योतीने क्रोमचा रंग बिघडतो आणि कथिलाचे सांधे वितळू शकतात. षट्कोनी सॉकेट पान्याने बोल्ट आधी किंचित आवळून मग सोडवतात. त्यामुळे आट्यांतील गंज फुटतो. तुटलेल्या बोल्टला मधोमध भोक पाडून तो उलट्या फिरकीच्या ड्रिलने काढतात. छोटा पोलादी तुकडा पितळेत अडकला असेल, तर घड्याळदुरुस्तीतील युक्ती कामी येते : तुरटीचे गरम द्रावण पोलाद हळूहळू विरघळवते, पितळेला मात्र फारसे लागत नाही.

‘युरोपिकोला’चा दट्ट्या ग्रुपच्या खालच्या तोंडातून निघतो, त्यासाठी जाळी व तिचे सील आधी काढावे लागते. ग्रुप गरम पाण्यात ठेवल्यास रबर थोडे नरम होते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला टोकदार हत्यार लागू नये. तिथला ओरखडा पुढे गळतीचे कारण ठरतो. उष्णक घटक सोडवताना बॉयलर लाकडी ठोकळ्यांमध्ये नीट आवळावा, नाहीतर पातळ पत्रा पिळवटतो.

सुरक्षा : स्प्रिंगयुक्त ग्रुपमधील स्प्रिंग विश्रांतीतही दबलेली असते. तिला प्रेसमध्ये किंवा आट्याच्या दांड्याने धरून ठेवल्याशिवाय तरफेची पिन काढू नये. जुन्या गॅस्केटांत व उष्णतारोधक वेष्टनात अॅस्बेस्टॉस असू शकतो. असा भाग ओला ठेवावा, तो घासू नये आणि संशय असल्यास जाणकाराकडे सोपवावा.

पुनर्जुळणी : आटे स्वच्छ करून नवी सीले बसवतात. पाण्याचा स्पर्श होणाऱ्या जागी खाद्ययोग्य सिलिकॉन ग्रीस वापरतात, म्हणजे पुढची उघडझाप सोपी जाते. सुरक्षा झडप तपासल्यावरच बॉयलर दाबाखाली आणला जातो.