दुसऱ्या संधीचं माहेर मेलबर्न

मे महिना लागला की कल्याण-सीएसएमटी लोकलच्या डब्यात एकच गणित मांडलं जातं. मुंबई पहिल्या दोनांत राहतेय, की नेट रनरेटने घसरून तिसरी-चौथी होतेय? पहिल्या दोनांत आलो तर क्वालिफायर वन हरलो तरी चालतं, क्वालिफायर टू हातात असतो. तिसरे-चौथे आलो तर एलिमिनेटर, आणि तिथे हरलो की गाशा गुंडाळायचा. डोंबिवलीचा कोपर पूल येईपर्यंत कुणाचा कितीचा विजय हवा, हे दशांशापर्यंत निघालेलं असतं. हा आराखडा आयपीएलच्याच डोक्यातून निघाला असं आपण धरून चालतो. पण तो जन्मला १९३१ साली मेलबर्नमध्ये, आणि तोही ऑस्ट्रेलियन फुटबॉलसाठी.

त्या वर्षीचे निकाल पाहिले आणि मी थक्क झालो. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने ही पद्धत पहिल्यांदा वापरली. गुणतालिकेतले पहिले दोन संघ, जीलाँग आणि रिचमंड, आमनेसामने आले. रिचमंड जिंकलं आणि थेट अंतिम सामन्यात पोचलं. हरलेल्या जीलाँगने कार्लटनला नमवून पुन्हा वाट काढली, आणि अंतिम सामन्यात त्याच रिचमंडला ६८-४८ असं हरवून विजेतेपद नेलं.

आता २०१३ आठवा. दिल्लीतल्या क्वालिफायर वनमध्ये चेन्नईने मुंबईला ४८ धावांनी हरवलं. मुंबईने क्वालिफायर टूमध्ये राजस्थानचा अडसर दूर केला आणि ईडन गार्डन्सवर त्याच चेन्नईला २३ धावांनी हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. २०१७ मध्ये पुन्हा तेच. पुण्याने वानखेडेवर येऊन मुंबईला २० धावांनी हरवलं. त्या रात्री चर्चगेटहून दादर, दादरचा पूल चढून मध्य रेल्वे, असे मान खाली घालून परतलेले लोक पाच दिवसांनी टीव्हीसमोर उभे होते. मुंबईच्या १२९ धावा. शेवटच्या षटकात पुण्याला ११ हव्या, चेंडू मिचेल जॉन्सनच्या हातात. पहिल्याच चेंडूवर चौकार गेला, मग मनोज तिवारी आणि स्टीव्ह स्मिथ लागोपाठ बाद झाले. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. तिसऱ्या धावेसाठी पळताना धावचीत, आणि मुंबई एका धावेने विजेती. पहिल्या दोनांतली झुंज हरायची, मधल्या संघाला बाजूला सारायचं आणि ज्याने हरवलं त्यालाच अंतिम सामन्यात गाठायचं. जीलाँगने घालून दिलेला हा कित्ता मुंबईने दोनदा गिरवला. तिच्या पाच विजेतेपदांपैकी दोन या दुसऱ्या संधीची आहेत.

मग या पद्धतीचा जनक कोण? इथे वाद आहे. जगभर ती ‘पेज प्लेऑफ’ म्हणून ओळखली जाते. पर्सी पेज हा रिचमंड क्लबचा चिटणीस आणि लीगमधला प्रतिनिधी. म्हणजे ज्याने ती पुढे रेटली, त्याच्याच क्लबला तिचा पहिला फटका बसला. दुसरा दावेदार केन मॅकिन्टायर, तेव्हा विशीतला तरुण. आराखडा त्याने आखला आणि पेजने तो लीगच्या गळी उतरवला, असं मानणारे पुष्कळ आहेत. म्हणून ‘पेज-मॅकिन्टायर’ असं जोडनावही चालतं. पुढे पाच, सहा, आठ संघांसाठीच्या पद्धतींना मॅकिन्टायरचंच नाव मिळालं, हा त्या बाजूचा भक्कम पुरावा. ‘पहिला कोण’ या प्रश्नाची त्याला ओढही होती. १९७७ मध्ये त्याने पुस्तक लिहून दावा केला की कॅप्टन कुकच्या अडीचशे वर्षं आधी पोर्तुगीज ऑस्ट्रेलियाला पोचले होते. म्हणजे वसई-ठाण्यात त्यांनी पाय रोवले त्याच शतकात. तो दावा बहुतेक इतिहासकारांना पटलेला नाही.

माझं मत असं की आई-बाप ठरवताना आजोबांना विसरून चालणार नाही. १९०२ पासून मेलबर्नमध्ये ‘आर्गस’ पद्धत होती. हे नाव तिथल्या ‘द आर्गस’ या वृत्तपत्रावरून आलं. तिच्यात गुणतालिकेतल्या पहिल्या संघाला आव्हानाचा हक्क असे. तो उपांत्य किंवा अंतिम सामना हरला, तरी विजेत्याला पुन्हा मैदानात बोलावू शकत असे. हरूनही उरण्याचा हक्क ही मूळ कल्पना तिथली. १९३१ ने तो एकाऐवजी दोघांना दिला, एवढंच.

तरी नवी पद्धत श्रेष्ठ का ठरली? न्यायासाठी, असं नेहमी सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. आर्गसमध्ये जादा सामना होणार की नाही, हे पहिला संघ हरतो का यावर अवलंबून असायचं. जादा सामना म्हणजे जादा गल्ला, म्हणजे संशयालाही जागा. १९२४ मध्ये तर चौघांची साखळी खेळवली आणि अंतिम सामनाच झाला नाही. १९३१ च्या पद्धतीत सामने चारच, आणि शेवटचा दिवस आधीच ठरलेला. न्याय आर्गसकडेही होता. पक्की तारीख नव्हती. तिकिटं विकणाऱ्याला आणि पुढे टीव्हीवाल्याला हवी असते ती ही तारीख.

आयपीएलच्या पहिल्या तीन हंगामांत साध्या उपांत्य फेऱ्या होत्या. २००९ मध्ये दिल्लीने साखळीत पहिला क्रमांक मिळवला आणि उपांत्य सामन्यात चौथ्या क्रमांकाच्या डेक्कन चार्जर्सकडून एका रात्रीत बाहेर पडली. ॲडम गिलख्रिस्टने ३५ चेंडूंत ८५ केल्या. महिनाभराच्या घामाला काडीची किंमत उरली नाही. २०११ मध्ये संघ दहा झाले आणि पेज पद्धत आली. कॅनडाच्या कर्लिंगमध्ये आणि सॉफ्टबॉलमध्येही ती रुजलेली होती, त्यामुळे तिथून आली असंही म्हणता येईल. मला ते पटत नाही. आयपीएलचे पहिले काही हंगाम ऑस्ट्रेलियन खेळाडू आणि प्रशिक्षकांनी भरलेले होते. लहानपणापासून असे ‘फायनल्स’ पाहिलेली माणसं प्रत्येक डगआउटमध्ये बसलेली असताना कर्लिंगपर्यंत जायची गरज काय?

एका रात्रीत महिनाभराची मेहनत बुडू नये, या प्रश्नाला उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकीने वेगळं उत्तर दिलं. एनएचएलमध्ये एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपैकी चार सामने जिंकावे लागतात, त्यामुळे दुसरी, तिसरी संधी मालिकेतच मिळते. पावसाळ्याच्या तोंडावर क्रिकेटला तेवढे दिवस परवडणारे नाहीत. आपल्याकडच्या प्रो कबड्डीने मात्र २०१७ मध्ये बारा संघ झाल्यावर क्वालिफायर-एलिमिनेटर घेतले, तेव्हा पाटणा एलिमिनेटरची वाट तुडवत विजेता झाला.

आज ठाणे-डोंबिवलीतल्या टेनिस क्रिकेटच्या कित्येक स्पर्धांत हाच तक्ता दिसतो. स्कोअररच्या टेबलामागे पांढऱ्या फळ्यावर मार्करने चार चौकोन. वरच्या डाव्या चौकोनातून एक बाण थेट ‘फायनल’कडे, दुसरा तिरका खाली ‘क्वालिफायर टू’कडे. वाद होतो तो त्या तिरक्या बाणावर: हरलेला संघ अजून जिवंत कसा? उत्तर सोपं आहे. तो बाण साखळीत खेळलेल्या प्रत्येक सामन्याचं व्याज आहे. मैदान एकच रविवार मिळालं म्हणून आयोजक तो पुसून सरळ उपांत्य फेरी लावतात, तेव्हा पहिल्या येणाऱ्या संघाचं मुद्दल बुडतं. चार सामने बसत असतील, तर तो बाण राहू द्यावा.