जोडीच्या अंगठ्या निवडताना : ब्रिटनमधील मराठी जोडप्यांसाठी माहिती



आपल्या लग्नात खरे म्हणजे अंगठीचा मान दुय्यमच. सौभाग्याची खूण म्हणजे मंगळसूत्र आणि पायातली जोडवी. अंगठ्या साखरपुड्याला, त्याही दोन्हीकडच्या मंडळींनी आपापल्या सराफाकडून आणलेल्या. त्या एकमेकींशी जुळतात का, हे कोणी पाहत नसे. इथे मात्र रजिस्टर ऑफिसातला कायदेशीर विवाह बऱ्याचदा आधी होतो आणि धार्मिक लग्न नंतर पुण्याला किंवा नागपूरला. रजिस्टर ऑफिसात अंगठ्या घालणे बंधनकारक नाही, तरी बहुतेक जोडपी घालतात. पुढे मंगळसूत्र सणासुदीला निघते आणि रोज बोटात राहते ती हीच अंगठी. म्हणून ती निवडताना दोघांनी एकत्र बसून थोडा विचार करावा.

जुळणाऱ्या अंगठ्या म्हणजे एकसारख्या नव्हेत. नवऱ्याचे बोट जाड असेल तर त्याला पाच-सहा मिलीमीटर रुंद पट्टी शोभते. तीच नाजूक बोटाला बोजड होते आणि तिथे दोन-अडीच पुरते. धातू, आकार आणि झिलई या तीनपैकी दोन गोष्टी सारख्या ठेवल्या तरी जोडी ओळखू येते. आकारांमध्ये इथे ज्याला 'कोर्ट' म्हणतात, म्हणजे आतून-बाहेरून दोन्हीकडे गोलाई असलेला, तो रोजच्या वापराला सर्वांत सुखाचा. आतून सपाट असलेली रुंद पट्टी घाम आला की रुतते.

<b>धातू</b>

आपल्या घरी सोने म्हणजे बावीस कॅरट. साउथॉल, वेम्बलीचा ईलिंग रोड किंवा लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड इथल्या आपल्या दुकानांत ते सहज मिळते आणि भाव वजनावर, अधिक घडणावळ, असा लागतो. इंग्रजी दुकानांत नऊ किंवा अठरा कॅरट असते आणि किंमत नगावर. दोन्हीकडची तुलना करायची तर प्रत्येक अंगठीचे वजन विचारून घ्या, नाहीतर स्वस्त काय हे कळणारच नाही.

बावीस कॅरट मऊ असते. साधी जाड पट्टी त्यात चालते, पण खडे बसवायचे असतील तर अठरा कॅरटच बरे, कारण खडा धरणाऱ्या नख्या मजबूत लागतात. आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. मुलीच्या बोटात साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी असेल आणि तिच्याशेजारी लग्नाची अंगठी येणार असेल, तर दोन्ही एकाच धातूच्या, शक्यतो एकाच कॅरटच्या घ्याव्यात. प्लॅटिनमशेजारी बावीस कॅरट घातले तर रोजच्या घासण्याने सोने झिजत जाते.

पांढऱ्या सोन्यावर बहुधा रोडियमचा मुलामा असतो. तो काही वर्षांत उतरतो आणि पुन्हा द्यावा लागतो. काही पांढऱ्या सोन्यात निकेल असते; ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांनी आधी विचारावे. प्लॅटिनमला मुलाम्याची गरज नाही, पण त्याच मापाची अंगठी अठरा कॅरटपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने जड भरते. टंगस्टनच्या अंगठ्या मुलांना फार आवडतात. त्यांना ओरखडे पडत नाहीत, पण माप बदलता येत नाही, आणि बोट सुजले तर ती कापता येत नाही, पकडीने दाबून फोडावी लागते. जन्मभराच्या वस्तूला मी तरी ती सुचवणार नाही.

<b>आजीच्या पाटल्या</b>

बऱ्याच घरांत इच्छा असते की आजीच्या पाटल्यांचे सोने आटवून दोघांच्या अंगठ्या कराव्यात. कल्पना सुंदर आहे आणि होतेही. पण इथल्या कायद्याचा एक बारकावा आधी समजून घ्यावा.

१९७३ च्या हॉलमार्किंग कायद्यानुसार एक ग्रॅमहून जास्त वजनाची वस्तू सोन्याची म्हणून विकायची तर तिच्यावर हॉलमार्क लागतोच. प्लॅटिनमला ही मर्यादा अर्धा ग्रॅम, चांदीला ७.७८ ग्रॅम. हा छाप लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि एडिंबरा इथली असे ऑफिसे देतात. लंडनची खूण बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमची नांगर, शेफील्डची गुलाब आणि एडिंबराची किल्ला. (समुद्रापासून इतक्या दूरच्या बर्मिंगहॅमला नांगर कसा, असे लहान मुले हमखास विचारतात!) त्याबरोबर बनवणाऱ्याची आद्याक्षरे आणि शुद्धतेचा आकडा : नऊ कॅरटला ३७५, चौदाला ५८५, अठराला ७५०, बाविसाला ९१६.

मेख आहे ती या आकड्यात. हजारात ९१६ भाग सोने भरले नाही, अगदी ९१० भरले, तरी ९१६ चा छाप मिळत नाही. त्याच्या खालचा, म्हणजे ७५० चा बसतो. जुन्या दागिन्यांत डाग देताना वापरलेले हलके सोने मिसळलेले असते, त्यामुळे घरात पिढ्यान् पिढ्या बावीस कॅरट म्हणून जपलेले सोने आटवल्यावर कमी भरू शकते. यात कोणी फसवलेच असे नाही. यावर दोन मार्ग आहेत. एक, सोने आधी शुद्ध करून घेणे. दुसरा, जो मला जास्त पटतो, तो म्हणजे मिश्रण घालून सरळ अठरा कॅरट करणे. दहा ग्रॅम चोख बावीस कॅरटमधून अठरा कॅरटचे बारा ग्रॅमहून थोडे जास्त होते; घट धरूनही साध्या दोन अंगठ्या त्यात सहसा बसतात.

कारागिराला स्पष्ट विचारा : आमचेच सोने वापरणार, की मोड म्हणून जमा करून दुसऱ्या सोन्याच्या अंगठ्या देणार? दुसरा प्रकार गैर नाही, पण मग ते आजीचे सोने राहत नाही. उत्तर लेखी घ्या, आपल्यासमोर वजन करून पावती घ्या. आणि मोडण्याआधी भावंडांशी, काका-आत्यांशी बोला. त्या पाटल्यांवर मन कोणाकोणाचे आहे हे आटवल्यावर कळून उपयोग नाही. एक फोटोही काढून ठेवावा.

<b>भारतातून आणायच्या असतील तर</b>

भारतात १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि आता दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तो पावतीशी ताडून पाहा. भारत आंतरराष्ट्रीय हॉलमार्क करारात नाही, त्यामुळे तो छाप ब्रिटनमधल्या विक्रीला चालत नाही. स्वतः वापरायला अर्थातच हरकत नाही. इथे राहणाऱ्याने तिकडे घेतलेली नवीन वस्तू ३९० पौंडांच्या सवलतीपेक्षा महाग असेल तर ती विमानतळावर जाहीर करावी लागते, आणि कर वरच्या रकमेवर नव्हे, त्या वस्तूच्या पूर्ण किमतीवर लागतो. 'बोटात घातली की झाले' हा सल्ला देणारे दंड भरायला येत नाहीत.

<b>माप आणि अक्षरे</b>

ब्रिटनमध्ये माप अक्षरांत, अमेरिकेत अंकांत, भारतात वेगळ्याच अंकांत. फोनवर आईला 'एन' सांगून काही उपयोग नाही. आतला घेर मिलीमीटरमध्ये सांगा. इथे एका अक्षराचा फरक म्हणजे घेरात सव्वा मिलीमीटर. 'एन' म्हणजे साधारण ५३.७५. माप संध्याकाळी, हात ऊबदार असताना घ्यावे, कारण थंडीत बोट बारीक होते आणि उन्हाळ्यात मुंबईला उतरल्यावर अंगठी निघत नाही. रुंद पट्टीला अर्धे माप मोठे लागते. सगळीकडून खडे असलेली अंगठी नंतर लहानमोठी करणे जवळजवळ अशक्य, हे बाळंतपणाचा विचार करून लक्षात ठेवावे.

आपल्यातले अनेकजण रुग्णालयात काम करतात. तिथे कोपराखाली काही घालू नये असा नियम असतो. बहुतेक ठिकाणी एक साधी, खडे नसलेली अंगठी चालते. अशा जोडप्याने हिरे साखरपुड्याच्या अंगठीत ठेवावेत आणि लग्नाची साधी घ्यावी.

आत नावे किंवा तारीख देवनागरीत कोरून घेता येते. मात्र मजकूर ईमेलमध्ये टाइप करून पाठवू नका. कारागिराच्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, आणि 'प्राजक्ता'चे काय होईल सांगता येत नाही. चित्र म्हणून पाठवा आणि कोरण्याआधी नमुना स्वतः वाचा. कोरण्याचे काम हॉलमार्क आणि माप पक्के झाल्यावरच करावे.

बोट कोणते? इथे डावी अनामिका. पूजेला दर्भाचे पवित्रक उजव्या अनामिकेत घालतात, त्यामुळे गुरुजींचीही अडचण होत नाही.

ऑर्डर लग्नाच्या दोन-तीन महिने आधी द्यावी. घडवणे, हॉलमार्क, कोरणे आणि एखादे माप चुकले तर दुरुस्ती, एवढा वेळ हवाच. अंगठ्या ताब्यात घेताना दुकानातच दोघांनी घालून बघा, भिंगातून छाप वाचा, आणि विम्यासाठी वजन लिहिलेली पावती वेगळी ठेवा.