बदली नटाची तालीम

नाटकाच्या तालमीला एखादा नट आला नाही, म्हणून तालीम थांबत नाही. दुसरा कोणीतरी वही हाती घेऊन त्याची वाक्ये वाचतो. संगणकाची आज्ञावली तपासणारेही हेच करतात. जो भाग महाग, दूरचा किंवा अपुरा असतो, त्याच्या जागी ठरावीक उत्तरे देणारा बदली भाग उभा करतात. इ. स. २००० मध्ये मॅकिनन, फ्रीमन व क्रेग यांनी अशा एका प्रकाराला ‘मॉक ऑब्जेक्ट’ हे नाव रूढ केले. युक्ती मात्र त्याहून जुनी. ती कोठे दगा देते, हे दाखविणारी एक हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपचा ‘एरियान ५’ हा अग्निबाण प्रथमच उडाला. त्यात ‘क्लस्टर’ योजनेचे चार उपग्रह होते. सुमारे ४० सेकंदांनी, ३७०० मीटर उंचीवर, तो वाट सोडून वळला आणि त्याच्या ठिकऱ्या झाल्या.

गणिती झाक-लुई लियोंस यांच्या समितीने जुलैमध्येच अहवाल दिला. दिशा व गती सांगणाऱ्या यंत्राची आज्ञावली जुन्या ‘एरियान ४’ची होती. नव्या बाणाचा आडवा वेग फार लवकर वाढला. त्याच्याशी निगडित आकडा १६ बिटांच्या घरात, म्हणजे ३२,७६७ पर्यंत, मावेना. यंत्र बंद पडले. जोडीच्या यंत्रातही तीच आज्ञावली असल्याने तेही आधीच बंद पडले होते. दुर्दैव असे, की ज्या गणिताने हा घात केला, त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती!

मग चाचणीत हे दिसले कसे नाही? कारण संपूर्ण उड्डाणाच्या रंगीत तालमीत हे यंत्र नव्हतेच. त्याच्या जागी बदली आज्ञावली उत्तरे देत होती. यंत्राची स्वतंत्र चाचणी झाली होती, पण तीत नव्या बाणाचा मार्ग त्याला दाखविलाच नव्हता. अपघातानंतर खरी आज्ञावली त्या मार्गाच्या आकड्यांवर चालविली, तेव्हा तोच अनर्थ संगणकावर जसाच्या तसा घडला.

यात बदलीला दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. त्याच्यावाचून रोजची तपासणी चालणार नाही. पण तो वहीतले तेवढेच वाचतो, आणि वही आपणच लिहिलेली असते. मूळ नटाचा घसा बसला आहे, हे तीत कोठून असणार? पडदा वर जाण्यापूर्वी एकदा तरी त्यालाच उभे केले पाहिजे.