रात्रीतून खाली बसणाऱ्या गाड्या : हवेच्या स्प्रिंगची अमेरिकन कथा

(धागा) १९५७ च्या शेवटी अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या दालनांत १९५८ ची मॉडेले दाखल झाली. शेव्हर्ले, पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबील, ब्युइक, कॅडिलॅक या पाचही नाममुद्रांवर ग्राहकाला जादा पैसे मोजून पोलादी स्प्रिंगऐवजी हवेवर तरंगणारी गाडी घेता येत होती. काही महिन्यांतच तक्रारी येऊ लागल्या. संध्याकाळी ताठ उभी असलेली गाडी सकाळी जमिनीला टेकलेली आढळे.

हवेवर गाडी तोलण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. फायरस्टोन या टायर कंपनीने रबरी हवा-स्प्रिंगवर १९३० च्या दशकातच काम केले होते. १९५३ पासून जनरल मोटर्सच्या प्रवासी बसगाड्यांत ही योजना आली. १९५४ मध्ये ग्रेहाउंडसाठी बांधलेली प्रसिद्ध ‘सीनिक्रूझर’ बसही हवेवरच धावत होती, आणि ती उत्तम धावत होती. मग मोटारीतच घोडे कुठे अडले?

आधी मोह समजून घ्यावा लागेल. पोलादी स्प्रिंगचा ताठपणा एकदा ठरला की ठरला. एकटा चालक असताना मऊ वाटणारी स्प्रिंग सहा माणसे आणि सामान चढले की दबते, आणि भरल्या गाडीसाठी ताठ केलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला हादरवते. हवेचे तसे नाही. ओझे वाढले की आणखी हवा भरावी आणि उतरले की सोडून द्यावी. गाडीची उंची तीच राहते आणि प्रवासाचा मऊपणाही फारसा बदलत नाही.

१९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअममध्ये ही यंत्रणा मूळ किमतीतच समाविष्ट होती. किंमत मात्र १३,०७४ डॉलर! त्या वर्षी अशा जेमतेम ४०० गाड्या बनल्या. पुढच्याच वर्षी तीच कल्पना सर्वसामान्य शेव्हर्लेपर्यंत उतरली. नावेही कशी, तर ‘लेव्हल एअर’, ‘एव्हर-लेव्हल’, ‘एअर-पॉइझ’. (त्याच सुमारास क्रायस्लरने आपल्या सस्पेन्शनला ‘टॉर्शन-एअर’ असे नाव दिले. त्यात भार पेलत होत्या पोलादी टॉर्शन बार. हवा होती ती फक्त नावात.)

सामान्य मोटारीतील रचना अशी होती. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा एक छोटा कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत साठवी. तेथून नळ्यांवाटे ती प्रत्येक चाकाजवळच्या घुमटाकार कोठीत जाई. कोठीचे तोंड रबरी पडद्याने बंद केलेले असे. आस आणि सांगाडा यांमधील अंतर एका दांडीने मोजले जाई. ही दांडी हलली की झडप उघडे आणि हवा आत शिरे किंवा बाहेर पडे.

आता यातील सांधे मोजून पाहा. कॉम्प्रेसर, टाकी, झडपा, नळ्यांची टोके, चार पडदे. यांपैकी कुठेही सुईच्या अग्राएवढी गळती पुरेशी होती. इंजिन चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर ती भरून काढी, त्यामुळे दिवसा दोष दिसतच नसे. इंजिन बंद झाले की गळती एकटीच काम करत राही.

दुसरा शत्रू पाणी. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात. हे पाणी टाकीत साचते, झडपांना गंज चढवते आणि कडाक्याच्या थंडीत झडपेतच गोठते. झडप उघडी असताना गोठली तर गाडी बसते, आणि बंद असताना गोठली तर तिची उंची जिथल्या तिथे अडकते.

बसगाड्या का टिकल्या, याचे उत्तर इथेच आहे. आगारातील कामगार टाकीचा नळ उघडून पाणी काढून टाकत, ठरलेल्या वेळी सांधे तपासत. बसला हवेच्या ब्रेकसाठी दणकट कॉम्प्रेसर लागतोच, शिवाय दोष आढळला तर गाडी हाती देण्यासाठी तरबेज माणसे हजर असत. खासगी मोटारीच्या मालकाला पाणी काढण्याची आठवण कोण करून देणार? गावातील मेकॅनिकला स्प्रिंग बदलता येई, पण हवेच्या झडपेची समायोजना त्याने पूर्वी कधी पाहिलेलीही नसे. त्यामुळे या अपयशाचे खापर रबरापेक्षा देखभालीच्या व्यवस्थेवर अधिक फोडावे लागते.

असंख्य मालकांनी सोपा मार्ग पत्करला. हवेची सर्व यंत्रणा उतरवून तिथे साध्या पोलादी स्प्रिंग बसवून घेतल्या. मोठ्या हौसेने घेतलेल्या ब्रोअमही यातून सुटल्या नाहीत. १९६१ ची मॉडेले येईपर्यंत हा पर्याय जनरल मोटर्सच्या मोटारींतून नाहीसा झाला होता.

फ्रान्समध्ये मात्र १९५५ च्या सित्रोएन डीएसने वेगळी वाट काढली होती. तिच्या गोळ्यांमध्ये नायट्रोजन कायमचा बंद असे आणि उंची बदलण्याचे काम तेल करी. ही गाडीही उभी राहिली की हळूहळू बसे, पण तो रोग नव्हता. इंजिन सुरू केले की ती स्वतःहून उठे. जर्मनीत मर्सिडीझने १९६१ च्या ३०० एसईमध्ये खरी हवाच वापरली, पण हिवाळ्यासाठी त्या हवेत अल्कोहोल मिसळण्याची सोय करून.

अमेरिकेत हवा परतली ती १९८४ च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क सेव्हनमध्ये. आता कॉम्प्रेसर विजेवर चालत होता, हवा कोरडी करणारा भाग सोबत होता आणि उंचीचा निर्णय संगणक घेत होता. वये वाढली तशा याही गाड्या बसू लागल्या, आणि तपासाची एक पद्धत कारखान्यांत रूढ झाली.

गाडी रात्रभर सपाट जागी उभी करायची आणि चारही कोपऱ्यांची उंची संध्याकाळी व सकाळी मोजायची. एकच कोपरा बसला, तर संशय त्या चाकाच्या रबरी फुग्यावर, त्याच्या झडपेवर किंवा नळीच्या जोडावर. मग साबणाचे पाणी फासायचे. पंक्चर काढणारा घमेल्यात ट्यूब बुडवून जे शोधतो तेच इथे शोधायचे, म्हणजे बुडबुडा. रबराच्या घड्या पडतात तिथल्या चिरा विशेष पाहायच्या, कारण फुगा बसलेला असताना त्या मिटलेल्या राहतात. गाडी जॅकवर घेण्यापूर्वी मार्क सेव्हनच्या डिकीतील सस्पेन्शनचा स्विच बंद करणे अनिवार्य असते, नाहीतर संगणक अचानक हवा सोडू किंवा भरू शकतो.

सर्वांत महागडी चूक क्रमाची होते. कॉम्प्रेसर जळालेला दिसतो, म्हणून तोच आधी बदलला जातो. प्रत्यक्षात चिरलेल्या फुग्याची गळती भरून काढता काढता तो जळालेला असतो. फुगा तसाच ठेवला, तर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो.