अक्षर ठिपक्यांचं की रेषेचं?

प्रबंधातला नकाशा पोस्टरवर छापला आणि रेषा फुटल्या, असं तुमचंही झालंय का? मग थोडा फॉन्टचा इतिहास बघू. जुन्या बिटमॅप फॉन्टमध्ये प्रत्येक आकारासाठी ठिपके वेगळे मांडावे लागत. पवईच्या आयआयटीत शिकवलेल्या र. कृ. जोशींचा 'मंगल' विंडोज २००० बरोबर आला. त्यातलं अक्षर म्हणजे बाह्यरेषेचं गणित, म्हणजेच व्हेक्टर. कितीही मोठं करा, कड स्वच्छ राहते. स्कॅन मात्र रास्टर: ३०० डीपीआयचं चित्र चौपट रुंद केलं की ७५ डीपीआयच उरतं.

म्हणून छापण्याआधी पीडीएफ ८०० टक्के झूम करून बघा. रेषांच्या कडेला चौकोन दिसले तर ते रास्टर. पीएनजी नुसती पीडीएफमध्ये घालून व्हेक्टर होत नाही. आलेख मूळ सॉफ्टवेअरमधूनच एसव्हीजी म्हणून काढा.