छावणीचे चार महिने : मराठी घोड्याच्या चंदी-वैरणीचा इतिहास

मुलूखगिरीवरून पावसाच्या तोंडाशी परतणाऱ्या मराठी फौजेतले घोडे बहुधा हाडकलेले असत. लांब लांब मजला, मिळेल तिथली वैरण आणि अंगावर खोगीर चढवूनच काढलेल्या रात्री, असे आठ महिने गेले की घोड्याच्या बरगड्या लांबून मोजता येत. कण्याचे मणके वर येत, मान पातळ होई, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडत. हाच घोडा दसऱ्याला पुन्हा मोहिमेवर निघायचा असे. मधल्या चार महिन्यांत त्याच्या अंगावर मांस चढवणे हे पागेचे काम होते आणि ते केवळ घोडा राखणाऱ्या मोतद्दाराच्या हौसेवर सोडलेले नव्हते. त्यामागे राज्याचा कारभार उभा होता.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या फौजेची ही व्यवस्था सापडते. पावसाळ्यात लष्कराने स्वराज्यात छावणीस यावे, तिथे दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे आधीच तयार असावीत, दसरा होताच फौजेने कूच करून आठ महिने परमुलखात पोट भरावे, असा तो क्रम आहे. सरकारी घोड्यावरच्या पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि खूर या दोन गोष्टींसाठी स्वतंत्र माणसे नेमणाऱ्याला घोडा कसा राखला जातो हे नेमके ठाऊक होते.

ही व्यवस्था कशी बिघडू शकते, हे महाराजांच्याच एका पत्रातून दिसते. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ तळ देऊन राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिलेले आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, या ताकिदीसाठी ते आज ओळखले जाते. पण पत्राचा बराचसा भाग दाणा आणि गवत यांच्याबद्दलच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली सामग्री आताच बेपर्वाईने उडवली, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्यातला हिशेब आहे. मग लोक कुणब्यांच्या घरी शिरतील, कोणी दाणे आणील, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, आणि गाव उठून जाईल. पुढे महाराज दिव्याच्या वातीपर्यंत उतरतात. रात्री दिवा तसाच राहिला, उंदराने पेटती वात ओढून नेली, तर गवताच्या गंज्या जळतील आणि मग कितीही माणसे मारली तरी एक काडी वैरण मिळणार नाही. एका राजाने उंदीर, वात आणि गंजी यांची साखळी इतक्या बारकाईने जुळवावी, यावरून त्या गंजीची किंमत कळते. कोकणात कोसळणाऱ्या पावसात वाळलेले गवत पुन्हा तयार करता येत नाही. गंजी गेली की त्या वर्षाचा घोडा गेला.

चार महिन्यांचा हा काळ घोड्याच्या शरीरालाही मानवणारा होता. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचे. त्याला ओकता येत नाही. चाऱ्याचे खरे पचन मोठ्या आतड्यात होते आणि तिथल्या सूक्ष्मजीवांना खाण्यातला बदल हळूहळू मानवतो. खंगलेल्या घोड्यापुढे कणव येऊन एकदम दाण्याची रास ओतली, तर पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आत दाह होऊन घोडा पाय टेकेनासा होतो. फार काळ उपाशी राहिलेल्या घोड्याला तर पिठूळ दाणा जीवघेणा ठरू शकतो. रक्तातली साखर एकाएकी वाढते, तिच्यामागे फॉस्फरससारखी क्षारद्रव्ये पेशींत ओढली जातात आणि हृदय, स्नायू ढासळतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी उपासमारीतल्या घोड्यांवर प्रयोग करून पाहिले, तेव्हा वाळवलेले लसूणघास थोडे थोडे, वरचेवर घालणे सर्वांत सुरक्षित ठरले. अशा घोड्याला नेहमीच्या वजनावर यायला सुमारे ३ ते ५ महिने लागतात. छावणीचा काळ एवढाच होता.

पागेतले शहाणपण याच वाटेने जाई. आधी गवत, मग दाणा. गवतात हरळी सर्वांत मोलाची, ती मुळांसकट खणून, माती झटकून घोड्यापुढे टाकत. पहिल्या पावसाचे कोवळे, पाणीदार गवत मात्र बेताने द्यावे लागे, कारण त्याने पोट भरते, लीद पातळ होते आणि अंगी बळ येत नाही. म्हणून जोडीला वाळलेले गवत हवेच. थंडीत गहू-जवाचे हिरवे पीक उभे असताना ते कापून घोड्यांना चारत, त्याला खवीद म्हणत. दाण्याला चंदी हा शब्द होता. देशावर चंदी म्हणजे मुख्यतः हरभरा, भरडून भिजवलेला, आणि गरिबाघरी कुळीथ. दक्षिणेत कुळीथ शिजवून घालण्याची रीत इतकी रुळलेली होती की इंग्रजीत त्याचे नावच ‘हॉर्स ग्राम’ पडले. भिजलेला हरभरा तोबऱ्यात भरून तो तोंडाला अडकवला की दाणा मातीत सांडत नसे आणि शेजारच्या घोड्याला तोंड घालता येत नसे. अशक्त घोड्याच्या बाबतीत ही दुसरी सोय महत्त्वाची, कारण कळपात दुबळ्याचा वाटा नेहमी दांडगा खातो.

एवढी वैरण यायची कुठून? गावोगावची कुरणे सरकारी पागेसाठी राखलेली असत आणि तिथले गवत कापून वाहून नेण्याचे काम बऱ्याचदा वेठीने होई. स्वराज्याबाहेर घोड्याच्या पोटाची सोय कराच्या रूपाने झाली. या कराचे नावच घासदाणा. फौजेने गावातले गवत आणि धान्य उचलू नये, म्हणून गावाने द्यायची ती रक्कम. अठराव्या शतकात गुजरातेत गायकवाडांनी तो नियमित वसूल केला, ईडरसारखी संस्थानेही तो भरत असत. घोडा पोसण्याचा खर्च ज्याच्या अंगणातून घोडा गेला त्याने सोसला, हे या करामागचे कटू वास्तव होते. चिपळूणच्या पत्रात जी भीती बोलून दाखवली होती, तिचीच पुढे रीतसर आकारणी झाली.

गणित पुरते बिघडले ते पानिपतावर. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठ्यांची फौज तिथे कोंडली गेली. डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि बाहेरून येणारी रसद आटली. वैरण-सरपणासाठी रात्री तळाबाहेर पडलेल्या लोकांच्या कत्तली झाल्या. उत्तरेतल्या त्या थंडीत घोड्याला ऊब धरायलाही जास्त चारा लागतो, आणि तिथे होता तोही संपला. लढाईच्या दिवशी जे घोडे उभे राहिले, ते अनेक आठवड्यांचे उपाशी होते. युद्धाच्या इतिहासात तोफा आणि डावपेच यांवर पानेच्या पाने लिहिली जातात. रिकाम्या तोबऱ्यांनाही त्यात तेवढीच जागा मिळायला हवी.

घोडा बारीक होऊ देणे हा गुन्हा मानण्याची परंपरा मोगलांकडेही होती. ‘ऐन-ए-अकबरी’त शाही घोड्यांना दर्जाप्रमाणे दाणा, कणीक, साखर आणि तूप किती द्यायचे हे नेमून दिले आहे, आणि जनावर रोडावले तर सांभाळणाऱ्यांच्या पगारातून दंड कापण्याची तरतूद आहे. या थाटाची सावली पुढे संस्थानी पागांवर पडली. कणकेत गूळ, तूप, मेथी, हळद, ओवा मळून केलेले गोळे घोड्यांना भरवत. रतीब हा शब्द आज दुधापुरता उरला आहे, पण मुळात तो अशाच रोजच्या ठरीव खुराकाचा. दरबारी घोडा गोलगरगरीत असला की मालकाची शान वाढे. मात्र दौडीविना चढलेली ही चरबी आणि मोहिमेच्या घोड्याला लागणारे मांस या वेगळ्या गोष्टी आहेत. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू थोड्या चाऱ्यावर टिकून लांब पल्ला मारायचे. त्यांना तुपाच्या गोळ्यांपेक्षा वेळेवरची वैरण आणि विसावाच अधिक मानवला असता.

ईस्ट इंडिया कंपनीने घोड्यांच्या पैदाशीसाठी बिहारात पुसा येथे अश्वशाळा काढली. १८०८ मध्ये तिथे आलेल्या विल्यम मूरक्रॉफ्ट या पशुवैद्याने खाद्याचा प्रश्न हाती घेऊन मोठ्या क्षेत्रावर ओट पेरले. पुण्यासारख्या लष्करी ठाण्यांभोवती घोड्यांसाठी लसूणघासाचे मळे आले. घोड्याचा बारीकपणा आकड्यात मांडायची पद्धत मात्र फार उशिरा आली. १९८३ मध्ये अमेरिकेत डॉन हेनेके यांनी मान, खांदा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ हाताने चाचपून १ ते ९ गुण देण्याची रीत मांडली. बरगड्या दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात, तो घोडा ५ गुणांचा. खरारा करता करता जुन्या मोतद्दाराचा हात रोज याच जागांवरून फिरत असे.

फौज गेली, पागा मोडल्या, कुरणे आक्रसली. भीमथडी तट्टू उरले ते मुख्यतः धनगरांच्या वाड्यांबरोबर, संसाराचे ओझे वाहत. पावसाळा सरला की हे वाडे बाहेर पडतात, कोकणापर्यंत उतरतात आणि पुढच्या पावसाआधी परततात. त्यांच्या तट्टांना चंदी क्वचितच मिळते. कापणी झालेल्या रानात पुढचे पाय दाव्याने बांधून त्यांना सोडतात. ती उड्या मारत पुढे सरकतात आणि ज्वारीच्या सडातून बांधावरची हरळी शोधून खातात.